घासलेटच्या टाकीचा बांध

ये गो बाय, जवळ ये. कागदावर लिहिते आहे म्हणून काय झालं, मी तुला समोर बसवूनच बोलते आहे. तो फोन जरा पालथा ठेव. गणपतीत आलीस, आणि दीड दिवसाचा गणपती पाण्यात जायच्या आधी तुझी बॅग उंबऱ्यावर तयार! हे काय येणं झालं? मी म्हटलं, बस जरा, तुझ्या कामाचं सांग, तर करंजी तोंडात कोंबत म्हणालीस, "आजी, गॅस इतका गार करतात की त्याचं पाणी होतं. मग तो जहाजातून येतो, टाकीत उतरवतात. टाकीत टाकी, भोवती बांध. जाऊ दे, तुला नाही कळायचं." आणि वर आईला ऐकवलंस, "आमच्याकडे चूक झालीच तर माणसाची होते, डिझाइनची नाही."

करंजी माझ्या हातची होती म्हणून गप्प बसले, नाहीतर तेव्हाच कान धरला असता. मला नाही कळायचं? अगं, तुझी आई जन्माला यायच्या आधी मी अशाच एका टाकीच्या बांधापासून शंभर पावलांवर चार वर्षं संसार केला. त्या बांधाचं मला जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नसेल. कळून काय उपयोग झाला, तेच सांगायला बसले आहे.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. रत्नागिरीच्या खाडीकाठी, वस्तीपासून जरा लांब, एका तेलवाल्या कंपनीचं घासलेटचं गोदाम होतं. कंपनी कुठली ते सोड. तेव्हा खेडोपाडी वीज कुठली? चिमणी, कंदील, सगळं घासलेटवर. ते यायचं मुंबईहून, समुद्रातून. बोट बाहेर उभी राहायची आणि शिडाचे पडाव भरभरून पिंपं खाडीत यायची. पण पाऊस लागला की बंदर बंद, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. म्हणजे आसपासच्या सगळ्या गावांचा पावसाळ्याचा उजेड वैशाखातच उतरवून ठेवायला लागायचा.

आधी पिंपं नुसती मांडवात रचत. मग कंपनीने ठरवलं की लोखंडी टाकी उभी करायची, पिंपांतलं तेल पंपाने तिच्यात घ्यायचं आणि रिकामी पिंपं परत धाडायची. पत्रे आले, ते जोडणारे कारागीर आले, आणि त्यांच्यामागून एक साहेब आले. पुण्याकडचे, आठ दिवसांत उन्हाने नाक सोललेलं. तुझे आजोबा तेव्हा जांभ्या चिऱ्याचं काम करणारे गवंडी. टाकीभोवती चिऱ्याचा बांध घालायला त्यांना बोलावलं. साहेब नकाशा जमिनीवर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि उकिडवे बसून समजावायचे. आजोबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण नकाशा त्यांना माणसाच्या तोंडासारखा वाचता यायचा.

साहेब म्हणाले, "टाकीतलं सगळं तेल बाहेर आलं तरी ते ह्या बांधाच्या आत मावलं पाहिजे."

"टाकी फुटणार आहे काय, साहेब?"

"छे."

"मग बांध कशाला?"

"फुटणार नाही असं मी म्हणतो आहे. टाकीने कुठे तसं लिहून दिलंय?"

हे सांगताना आजोबा पोट धरून हसायचे. त्यांना तो साहेब फार आवडला होता, कारण त्या माणसाला विचारलेलं खपायचं. आजोबांनी त्याला सांगितलं की साहेब, आमचा चिरा म्हणजे चाळण, ह्यातून घासलेट पाझरणार. साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा आजोबांनी एका चिऱ्याला वरून वाटीएवढा खळगा पाडला, त्यात घासलेट ओतलं आणि म्हणाले, आता जेवून या. साहेब जेवून आले तोवर चिऱ्याचं बूड ओलं. मग ठरलं, बांधाला आतून चिकणमातीचा थर आणि त्यावर सिमेंटचा गिलावा. हा बदल साहेबांनी लाल पेन्सिलीने नकाशात घातला आणि आजोबांना म्हणाले, "ही तुझी रेघ."

छातीएवढा उंच बांध झाला. त्याला दार नाही. आत जायचं तर ह्या बाजूने पायऱ्या चढायच्या आणि त्या बाजूने उतरायच्या. सासूबाई गावाहून बघायला आल्या नि म्हणाल्या, "दार ठेवायला विसरलात काय रे?" टाकीवर वीज पडली तर ती जमिनीत जावी म्हणून तांब्याची पट्टी लावली होती. ती जिथे पुरली त्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरलेला, आणि उन्हाळ्यात त्यात रोज एक कळशी पाणी ओतायचं काम माझं. ते बघून सासूबाई म्हणाल्या, "आता टाकीला लोणचंही घालताय!"

काम झाल्यावर साहेबांनीच शब्द टाकला आणि आजोबा त्या गोदामाचे मुकादम झाले. दोन खोल्यांचं घर मिळालं. उन्हात गवंडीकाम करणाऱ्या माणसाला खाकी सदरा मिळाला. पण सदऱ्याचं त्यांना काही नव्हतं, बांधाचं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "टाकी मुंबईची, बांध माझा."

किती बारीक बारीक गोष्टी असायच्या! फाटकावर विड्या-काड्यांसाठी एक डबा टांगलेला, आत येणाऱ्याने खिसे त्यात रिकामे करायचे. टाकीच्या डोक्यावर जाळी लावलेली एक नळी होती. दुपारच्या उन्हात टाकी फुगते, पहाटेच्या गारव्यात आकसते, ती त्या नळीतून श्वास घेते म्हणे. आणि त्या नळीतच कुंभारीण माशी मातीचं घर करायला टपलेली. आजोबा दर पंधरवड्याला वर चढून ती माती खरवडायचे नि माशीला शिव्या घालायचे, "तुला सगळ्या कोकणात हीच जागा सापडली काय गो भवाने?"

आता त्या कॉकचं सांगते. बांध चहूबाजूंनी बंद, म्हणजे पावसाचं पाणी आत साठणारच. ते सोडायला खालच्या कोपऱ्यात, बाहेरच्या अंगाला, एक पितळी कॉक होता. त्याला साखळी आणि कुलूप. नियम असा की कॉक नेहमी बंद. पाणी सोडायचं तर माणसाने तिथून हलायचं नाही, सारखं आत डोकावायचं आणि वीतभर पाणी उरलेलं असतानाच बंद करायचा. कारण तेल पाण्यावर तरंगतं. टाकी कुठे गळलेली असली तर आधी नितळ पाणी जातं, तेल सगळ्यात शेवटी येतं.

आजोबांनी साहेबांना तेव्हाच विचारलं होतं, "इथला आषाढ तुम्ही बघितलाय काय, साहेब? दिवसातून चार वेळा माणूस उभा करावा लागेल. त्यापेक्षा कॉकच्या पुढे एक खोल खड्डा बांधू. चुकून तेल आलंच तर पऱ्यात जायच्या आधी खड्ड्यात अडकेल." पऱ्या म्हणजे डोंगरावरून येणारा आमचा ओहोळ, तो बांधाला वळसा घालून खालच्या वाडीत जायचा. साहेबांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी करू." पुढचं वर्ष आलं तोवर साहेबांची बदली झाली होती. साहेबांवर ढकलायला हे सांगत नाही हं. खड्डा नव्हता हे मला माहीत होतं.

खालच्या वाडीत दहा-बारा घरं मुसलमानांची, पाच-सहा मासे मारणाऱ्या खारव्यांची. खाडीकाठच्या सगळ्या विहिरी मचूळ, एकच गोड, पऱ्याच्या कडेची. सगळी वाडी तिच्यावर. आम्हीही पाणी तिथूनच आणायचो. तिथे मला बुबू भेटली. सगळी तिला बुबूच म्हणत, मीही म्हणायची. तिचा नवरा जहाजावर खलाशी, वर्षा-दीड वर्षाने यायचा. मला नवीन संसारातलं काही येत नव्हतं. सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी न चिरता थापणं, अंगावरून जाऊ नये म्हणून काय खायचं, सगळं तिने शिकवलं. पहिल्यांदा मला बघून म्हणाली होती, "वरच्या टाकीवालीण तू? तुझ्या लुगड्याला वास येतो गो घासलेटचा. चुलीपुढे जपून बस, नाहीतर दिव्यासारखी पेटशील." आम्हाला मात्र तो वास येईनासा झाला होता. चार महिन्यांत नाक मरतं.

चौथा पावसाळा. आषाढ निम्मा सरला होता. संगमेश्वराकडच्या गावाहून दिराचा निरोप आला की सासूबाईंना धाप लागली आहे, तोंड बघायचं तर या. आजोबा घोंगडी घेऊन निघाले. कुलपाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "सकाळी कारकून येईल, त्याच्याकडे दे. तो बघेल. तू कॉकला हात लावायचा नाहीस. कितीही पाणी भरू दे. टाकी भरलेली आहे, ती तरंगायची नाही. आणि बांध माझा आहे, तो पडायचा नाही."

गोदामाचा कारकून राहायचा गावात. एक दिवस आला, पाणी सोडून किल्ली पुन्हा माझ्याकडे ठेवून गेला. त्या दिवसापासून पाऊस जो लागला तो थांबेचना. वाटेतल्या ओढ्यावरच्या साकवावरून पाणी गेलं, कारकून तिकडे अडकला, मी इकडे. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या दिवशी सकाळी इरलं डोक्यावर घेऊन बांधाशी गेले, तर आत कमरेएवढं पाणी. आणि खालच्या कोपऱ्यात, बांधाच्या बाहेरच्या अंगाने, चिऱ्यांतून पाणी झिरपत होतं. हात लावला तर दगड घाम आल्यासारखा ओला.

बाय, मी भातशेती करणाऱ्याची लेक. माझे वडील आषाढात असेच इरलं घेऊन खाचराखाचरांतून फिरायचे. कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल की पावसात अडवलेलं पाणी बांध घेऊन जातं. खालच्या कोपऱ्याचं तोंड मोकळं करायचं आणि उघडीप पडेपर्यंत ते बुजवायचं नाही. जो हे करत नाही त्याला गाव आळशी म्हणतो. मला समोर टाकीचा बांध दिसतच नव्हता, खाचराचा दिसत होता. आणि त्याच्यामागे दिसत होता ह्यांचा चेहरा. परत आल्यावर बांध पडलेला बघितला तर ह्या माणसाचं काय होईल?

कुलूप काढलं, कॉक फिरवला. पाणी असं उसळून आलं! ओंजळीत धरून बघितलं, नितळ. आत डोकावले, तर वरून पाऊस असा कोसळत होता की पाण्यावर नुसते बुडबुडे, रंग कसला दिसणार? थोडा वेळ उभी राहिले. पाणी वाहायला लागल्याचा आवाज ऐकला नि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मग घरी गेले आणि पेज शिजत घातली. कॉक उघडा ठेवून. शेताचं तोंड उघडून कोण पहाऱ्याला बसतं गो?

देवापुढच्या काचेच्या दिव्यात खाली पाणी ओतून वर तेल ओतायचं, वात पेटवायची, हे मी रोज संध्याकाळी करत होते. रोज. आणि तरीही त्या सकाळी माझ्या डोक्यात ते आलं नाही.

दुपारची जेवणं झाल्यावर बुबू वर आली. चिंब भिजलेली, काखेत कळशी. एरवी फाटकातूनच हाका मारत यायची, त्या दिवशी गुपचूप दारात उभी.

"हे हुंग," म्हणाली.

मी वाकले. "कसला वास?"

"तुला नाही यायचा. चाखून बघ."

बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले.

"विहिरीला आलाय," बुबू म्हणाली. "पऱ्या तेलाने चमकतोय. खालच्या खाचरांतून गेलाय, विहिरीत पडलाय. पोरांना प्यायला काय देऊ गो?"

मी तशीच धावत सुटले. कॉकमधून पाणी नव्हतंच, बोटाएवढी तेलाची धार होती. बंद केला. पायऱ्या चढून बघितलं तर आत जमीन उघडी पडलेली आणि तिच्यावर मोरपिसासारखे रंग. टाकीला डबे भरायची जी तोटी होती तिचा चामड्याचा वायसर कुजून ती टपटपत होती. किती दिवस, देव जाणे. थेंबाथेंबाने पिंप-दोन पिंपं तेल पाण्यावर जमलं होतं. बांधाने ते सगळं धरून ठेवलं होतं. बांधाने त्याचं काम केलं होतं. सोडलं मी.

खालच्या वाडीत जाऊन ओरडत सुटले, विड्या पेटवू नका, चुली विझवा. लोकांना वाटलं वेड लागलं. लावणी झालेली दोन खाचरं पिवळी पडली. विहिरीत एक जुनं कासव होतं, बायका त्याला भाताची शितं टाकायच्या. दुसऱ्या दिवशी ते वर आलेलं होतं.

आजोबा आले ते तेल सुटलं त्याच संध्याकाळी, साकवावरचं पाणी जरा उतरल्यावर. सासूबाई वाचल्या होत्या, हे सांगायला हसत हसत आले आणि फाटकातच त्यांना कळलं. पहिला प्रश्न विचारला तो हा, "पऱ्यात कुणी विडी तर नाही ना टाकली?"

"नाही."

"किल्ली कुठाय?"

मी कनवटीची किल्ली काढून हातावर ठेवली. त्यांनी किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.  तसेच भिजत बांधाकडे गेले, मी मागोमाग. खालच्या कोपऱ्यात उभं राहून त्यांनी चिऱ्यावर तळवा ठेवला.

"ह्याला भ्यालीस?"

"झिरपत होता हो. पडला असता."

"नसता पडला. हे आतलं पाणी नव्हे गो. हा नुसता पाऊस, चिरा बाहेरून प्यायलेला." मग तळवा सदऱ्याला पुसत म्हणाले, "बाहेरूनही गिलावा करायचा होता. सिमेंट संपलं."

पंधरा दिवसांनी एष्टीने चौकशीचे साहेब आले. हे वेगळे, चष्मेवाले, कमी बोलणारे. गोदामाच्या पडवीत टेबल टाकून बसले. मी घराच्या दाराआड. शंभर पावलांवरचं बोलणं ऐकू येत नाही, पण चहा घेऊन गेले आणि मग तिथेच खांबाशी थांबले. वाडीतली चार माणसं होती, कारकून होता, बायकांत बुबू होती.

"कॉक कुणी उघडला?"

"मी, साहेब," आजोबा म्हणाले. "गावी जायच्या घाईत होतो. जाताना उघडला आणि बंद करायला विसरलो."

कारकून काहीतरी बोलायला गेला, आजोबांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान खाली घातली.

साहेब उठले, बांधाच्या पायऱ्या चढले. मी तिथून बघत होते, त्यांना आत काय दिसतंय ते मला ठाऊक होतं. आतल्या गिलाव्यावर कमरेच्या उंचीवर गाळाची रेघ उमटली होती, चारही बाजूंनी, दोरी लावून काढावी तशी. कॉक पाच दिवस उघडा असता तर पाणी तिथवर चढलंच नसतं. साहेबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. परत आले, चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्ही नसताना किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडेच. खिशात."

साहेबांनी मान वर केली ती थेट खांबाकडे. माझ्या हातात रिकामा पेला होता. एक शब्द बोलायचा होता बाय. 'मी' म्हणायचं होतं. मी पेला पदराने पुसत राहिले. मनात म्हटलं, ह्यांनीच तर सांगितलं आहे, आता मी मध्ये बोलले तर ते खोटे पडतील. बघ, भित्र्या माणसाला कारण किती पटकन सापडतं. साहेबांनी टाक दौतीत बुडवला. मग खाली बघून आजोबांनी सांगितलं तसंच लिहून घेतलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "का असं केलंत?"

म्हणाले, "किल्ली तुला दिली ती मी. कंपनीच्या कागदावर तुझं नाव नाही, तू चुकलीस तरी चूक माझीच धरणार. मग वाडीच्या तोंडात तुझं नाव कशाला द्यायचं? उद्या त्या बायकांत पाण्याला जायचं आहे तुला."

महिन्याभरात नोकरी गेली, घर सोडायचं फर्मान आलं. त्या महिन्यात मी रोज डोंगरापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायचे. पहिल्या दोन कळशा बुबूच्या दारात, मग माझ्या घरी. तिची गोड विहीर उपसून उपसून वाडी थकली, चुना टाकला, राख टाकली, तरी दर सरीबरोबर वास वर यायचा. तिसऱ्या वर्षी कुठे पाणी तोंडात घेण्याजोगं झालं म्हणे. एकदा तिच्या पडवीत हंडा उतरवताना मला राहवेना.

"बुबू, त्या दिवशी सकाळी तू पाखाडीच्या पायऱ्यांनी वर येत होतीस ना? मला बघितलंस ना कॉकपाशी?"

ती मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "पावसात मला दिसत नाही गो. म्हातारी झाले."

चाळिशीही उलटली नव्हती तिची.

"बुबू, खरं सांग."

"खरं सांगायला कुणी बसवलंय मला? तुझ्या घोवाने सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं. त्याने इतकी मोठी वस्तू दिलीय तुला, ती माझ्या दारात सांडू नको. हंडा नीट ठेव, बुडाला तडा जाईल."

आजोबा मुंबईला गेले, मी गावी सासूबाईंकडे. परळला एका गाववाल्याच्या खोलीत राहून गवंडीकाम केलं, विटांचं. चिऱ्याला पुन्हा हात लावला नाही. वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला नि गणपतीला. तुझी आई त्यानंतर झाली. तिला बाप म्हणजे पाहुणा. भावकीतल्या बायकांनी तिला लहानपणीच सांगून ठेवलं, तुझ्या बाबाने कॉक उघडा टाकला म्हणून सोन्यासारखी नोकरी गेली. घरात कुणाकडून नळ वाहता राहिला की आम्ही काय म्हणतो ते तुला ठाऊक आहे. 'आजोबांवर गेलीस!' तूही हसत आलीस लहानपणापासून. मीही हसले आहे. तुला माहीत नाही, 'माझ्या बाबांवर गेलीस' असं पहिल्यांदा म्हणाली ती तुझी आई, सात-आठ वर्षांची असताना, चुलत बहिणीला, आणि आजोबा शेजारी जेवत होते. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

शेवटी छातीच्या दुखण्याने ते घरी आले तेव्हा तुझी आई वीस वर्षांची होती. शिक्षण अर्धं राहिलं म्हणून रागावलेली. एका सकाळी तोंडातून निघून गेलं तिच्या, "बाबा, एक कॉक बंद केला असतात तर आपण सगळी एकत्र राहिलो असतो. शंभर पावलांवर तर होता!"

मी त्यांना पेज भरवत होते. चमचा हातात. ते म्हणाले, "चुकलंच बाय माझं." आणि माझ्याकडे बघून अगदी हळू मान हलवली, नको म्हणून. मी पुढचा चमचा भरला.

त्यानंतर ते दहा-बारा दिवस होते. त्या दहा-बारा दिवसांत मला किती वेळा एकटी तुझी आई सापडली असेल? विहिरीवर, चुलीपाशी, कपडे वाळत घालताना. सांगितलं नाही. ते गेल्यावर म्हटलं, आता दुःखात आहे, नको. मग तिचं लग्न, मग तू. साठ-पासष्ट वर्षं मी तो पेला हातात घेऊन त्या खांबाशी उभी आहे. बुबू गेली, तुझे आजोबा गेले, तो कारकून नि चष्मेवाले साहेब तरी आता कुठे असणार? ज्यांना माहीत होतं त्यांतलं कुणीच उरलं नाही, आणि माझ्यामागून माझी लेक आयुष्यभर हेच धरून बसेल की बाप विसराळू होता. तो विसराळू नव्हता बाय. त्या माणसाने आयुष्यात कुठली गोष्ट विसरलेली मी बघितली नाही.

तेव्हा आता तू एक कर. हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस, दुसऱ्याच्या तोंडून तिला कळायला नको. मलाच सांगायचं आहे, तोंडाने, तिच्या डोळ्यांत बघून. पण मी स्वतःला ओळखते, एकटी असले की ऐन वेळी चहाच टाकायला उठेन. तू शेजारी असलीस की मला उठता यायचं नाही. तुझी आई माघातल्या पौर्णिमेला चार दिवस येते म्हणाली आहे. रजा टाक. कोकणकन्येने ये, सकाळी पोचतेस. उकड्या तांदळाची पेज आणि तिसऱ्यांचं कालवण करून ठेवते. फार दिवस लावू नकोस गो, हल्ली पायऱ्या चढताना मलाही धाप लागते. लवकर ये.